कॅरलच्या होडीतली तुझी जागा

प्रिय वर्षा,

काल कॅरलचा फोन आला. तुझी शेजारीण, शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर, आणि सहा वर्षं दर शनिवारी तुला माझ्याकडून पळवून नेणारी बाई. सॅमन माशांचा सीझन येत्या शनिवारी सुरू होतोय म्हणाली, आणि होडीत तुझ्या जागेवर मी बसेन का, असं विचारलं. मी म्हटलं, सांगते. काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू गेल्यावरही तुझाच सल्ला घेणं ही माझी खोड, त्यात तुझा दोष नाही.

आधी तक्रार. शनिवार माझा होता. अमेरिकेत, रेडमंडला आल्यापासून आपण शनिवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात संस्कृत वाचायचो. म्हणजे समास मी सोडवायचे आणि कवीच्या खोड्या तू काढायचीस. मग एके दिवशी तुझा फोन: "अनघा, आजचं कॅन्सल करूया का यार? कॅरल होडी काढतेय." वेंगुर्ल्याच्या मुलीला होडी दिसल्यावर पाणिनी काय थोपवणार? उन्हाळ्यात मासे, हिवाळ्यात तिच्या गॅरेजमध्ये बसून गळ बांधणं. मला उरलासुरला रविवार.

मला का नाही गं विचारलंस कधी? मी शाकाहारी म्हणून? मला मासे खायचे नव्हते, होडीत बसायचं होतं.

रविवारी तू यायचीस ती वाऱ्याने रापलेलं तोंड घेऊन. सांगायचीस, इंजिन अगदी हळू ठेवायचं, माणूस चालेल इतकं. मागे दोन गळ लांब सोडायचे आणि फिरत राहायचं.

"आणि तुम्ही करता काय?"

"काही नाही. रॉडच्या टोकाकडे बघत बसतो."

चार-चार तास? माझ्यासमोर तू चार मिनिटं गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

षड्रिपूंच्या यादीत मत्सराला अगदी शेवटी ढकललंय. ज्याने ती यादी केली त्याला मैत्रीण नसावी.

आता मे महिन्यातली हकिगत ऐक. तू तिथे नव्हतीस. म्हणजे होतीस, पण तुझ्या लेकीच्या, मीराच्या मांडीवरच्या डब्यात. तुला समुद्रात सोडायचं तर कॅरलच्याच होडीतून, असं मीराने ठरवलं होतं. मी फुलं, तीळ आणि नैवेद्याला अर्धा डझन केळी घेऊन धक्क्यावर पोचले. कॅरलने पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवीत साप असावा तशी मागे सरली.

"केळी? नॉट ऑन माय बोट."

मी म्हटलं, नैवेद्य आहे. ती म्हणाली, होडीत केळं आलं की मासा लागत नाही, हे इथल्या सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे.

"पण आज आपण मासे पकडणारच नाही आहोत."

"होडीला ते कळत नाही."

मीरा म्हणाली, "मावशी, मॉम नेव्हर टोल्ड यू? फिशिंगच्या दिवशी ती घरीसुद्धा केळं खायची नाही."

वर्षा, जन्मात कधी सोवळं पाळलं नाहीस, चतुर्थीला माझ्याकडे ऑम्लेट मागितलंस, आणि होडीसाठी एवढं कडक?

शेवटी आम्ही तिघींनी पार्किंगमध्ये उभ्या राहून दोन-दोन केळी खाल्ली. साली कचऱ्यात टाकल्या. कॅरलने आम्हाला हातसुद्धा धुवायला लावले. विसर्जनाआधीच नैवेद्य संपवणं मी शिकलेल्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही. दुसरं केळं खाताना कॅरल म्हणाली, "तिला हे आवडलं असतं." मी मनात म्हटलं, तुला काय माहीत तिला काय आवडतं?

होडीत तुझी जागा आम्ही तिघींनीही न बोलता रिकामी ठेवली. मीराने तुला सोडलं, मी मंत्र म्हटले. निम्मे वाऱ्याने नेले. परतताना होडी रेंगाळत होती. मी कॅरलला म्हटलं, "इतकं हळू का?"

"हा वर्षाचा स्पीड आहे." मग जरा वेळाने, "इथेच सांगितलं तिने मला आजाराचं. सप्टेंबरमध्ये."

सप्टेंबर? मला तू नाताळच्या सुट्टीत सांगितलंस. मधले तीन महिने दर रविवारी माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस.

"तू काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"ओके म्हटलं. ती रॉडकडे बघत होती, मीही. मग तिला माझं अर्धं सँडविच दिलं."

त्या सँडविचवर मी तीन आठवडे चिडून होते.

मग एकदा आठवून पाहिलं, मी काय केलं होतं? तुझा हात धरला. तुझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. डॉक्टर कोण, सेकंड ओपिनियन घेतलं का, मीराला माहीत आहे का, असे प्रश्नांवर प्रश्न. मग मी रडायला लागले आणि माझ्याच स्वयंपाकघरात तुला माझ्यासाठी चहा करावा लागला. म्हणून थांबली होतीस ना तीन महिने? रागावून नाही विचारत. थोडं रागावूनच विचारतेय.

काल फोनवर मी कॅरलला म्हटलं, मला होडीतलं ओ की ठो कळत नाही.

"तिलाही इंजिन कुठे येत होतं. मी मासा ओढते तेव्हा हँडल सरळ धरायचं, बस." मग म्हणाली, "मलाही तुला एक सांगायचं आहे. फोनवर नको. पाण्यावर सांगेन."

वर्षा, तिचा तो आवाज मी ओळखला. नाताळात तुझा असाच होता.

तेव्हा ऐक. शनिवारी मी जाईन. तिने काय ते सांगितलं की रॉडच्या टोकावरून नजर हलवणार नाही. प्रश्न विचारणार नाही. हात धरावासा वाटला तर इंजिनाचं हँडल धरीन. "ओके" म्हणेन, आणि गप्प राहीन, तिला हवं तितका वेळ. तुझ्या बाबतीत जमलं नाही ते तिच्या बाबतीत जमवीन, एवढं वचन देते. तिचा हेवा करणं थांबवीन, असं वचन मात्र मागू नकोस.

तुझी, अजून रुसलेली,
अनघा