राणी अजून दारातच उभी आहे

प्रिय मोठेबाबा,

पत्र लिहायची मले सवय नाई, तुमाले माहीतच आहे. पण येत्या रविवारी दुपारी आपल्या गोदामात पिक्चर आहे. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. आणि या वेळी तो मराठीत सांगणारी मी आहे, म्हणून लिहून राह्यली.

काल बाबा आणि मी सरकीच्या ढेपेची पोती एका बाजूले लावली, भिंत पुसली, प्रोजेक्टर सुरू करून पाहिला. तुमची खुर्ची होती तिथंच ठेवली.

अख्खी आर्वी मोबाइलवर मारधाड पाहते, आणि तुमाले काऊन हजारो वर्षांपूर्वीचे राजे पाहिजे होते? इजिप्तचे, रोमचे, बायबलातले. पिक्चर सगळे इंग्रजी. तुमाले इंग्रजी थोडंसंच येत होतं; मले समजायचं, पण मराठीत रंगवून सांगता येत नव्हतं. "गुड्डे, अर्थ तू सांग, बोलणं माझ्याकडं," म्हणायचे. आधी आपण दोघं पाहायचो, मग रविवारी तुम्ही आवाज बंद करून गल्लीले सांगायचे. मी एकदा गुलाम म्हटलं, तर म्हणाले, "गुलाम म्हटलं का लोकाइले पत्ते आठवतात. वेठीले धरलेली माणसं म्हण." असं कसं सुचायचं तुमाले?

तो गोफणवाल्या पोराचा पिक्चर! शांताकाकूची सारी जवानी ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेली. ती मधातच उठली. "याले गोफण धरता येत नाई, भाऊ. याच्यानं चिमणी बी नाई उडत."

तुम्ही पॉज केलं. "मग शांताबाई, एवढा राक्षस पडला कसा?"

"देवानं पाडला. पोराचं नाव झालं फक्त."

पुढच्या वेळी ते वाक्य तुम्ही स्वतःचं म्हणून खपवलं. हे बरोबर नव्हतं, मोठेबाबा.

चपला मात्र सगळ्याइले बाहेर काढायले लावायचे. हे आपले देव थोडीच आहेत, असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "दुसऱ्याचा देव घरी आला तर पाहुणा झाला ना? काढ चपला." आणि इजिप्तच्या पिक्चरमधे त्या जुलमी राजाचं पोरगं मेलं तेव्हा तुम्ही पॉज केलं. मग हळूच म्हणाले, "राजा खराब होता. पण बाप होता." इंग्रजीत असं काहीच नव्हतं. मले माहीत होतं, तरी मी रडली.

तुमच्यावर राग एकच आहे. राणीचा पिक्चर तुम्ही अर्धा सोडला. न बोलावता राजापुढं जाईल तो मरेल, असा कायदा. आणि ही आपल्या लोकांचा जीव वाचवायले निघाली. दरबाराच्या दारापर्यंत आपण तिले आणलं, आणि तुम्ही म्हणाले, "इथं थांबू. आत ती काय बोलते, ते मले नीट बसवू दे." त्याच आठवड्यात तुम्ही गेले. आता ती कशी बोलते? रडून, का ताठ? मी कोणाले विचारू?

शेजारचा राजूदादा म्हणते, "काऊन तरास करून घेऊन राह्यली? हिंदीवाला लाव ना." बाबांनी तर सांगूनच टाकलं, "या वेळी जमलं नाई, तर पुढच्या महिन्यापासून इथं माल भरतो." त्याइचंही खरं आहे. जागा कमीच पडते.

काल पोती लावून झाल्यावर मी भिंतीसमोर उभी राह्यली. आधी तुमच्यासारखा आवाज काढला. नाटकी वाटला. मग माझ्याच आवाजात म्हटलं, "मले बोलावलं नव्हतं, तरी आली. माझे लोक मरून राह्यले, महाराज. आता मले मारायचं का ऐकायचं, तुम्ही ठरवा."

मागं बाबा झाडू घेऊन थांबलेले.

"मग?" म्हणाले. "राजा काय म्हणते?"

"रविवारी सांगते," म्हटलं.

मोठेबाबा, हिंदीवाला मी लावणार नाई. अटकीन, चुकीन, पॉज करून शब्द शोधीन, लोक हसतील तर हसू दे. पण राणीले आत नेल्याशिवाय मी भिंतीपुढून हटणार नाई.

तुमचा अर्थ सांगणारी,
गुड्डी