माझ्या गाण्यात घुसवलेले नाव

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, व्यवसाय गाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नसून चांगल्याच संशयाखाली लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांचे ठिकाणावर असल्याचा दाखला मी मागितला, तर नुसते हसले. याआधीची तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या माणसांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

कलम १. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला. अट एकच: तिथे प्रार्थना-मंडळाची बैठक भरवायची नाही. ती वर्षानुवर्षे त्या मंडळात जाते, आणि दुधाने तोंड पोळलेली मी ताकही फुंकून पिते.

कलम २. कीबोर्ड आणि दोन माइक आमच्या बँडच्या ड्रमवाल्याला. तो देव मानत नाही. तरी प्रत्येक कार्यक्रमाआधी ड्रमवर हात ठेवून डोळे मिटतो. विचारले तर म्हणतो, "सैल पडलाय का बघतोय." डोळे मिटून? पण त्याच्या भक्तीवर माझा विश्वास आहे, कारण तिची पावती कोणी फाडत नाही. तिसरा, मुका झालेला माइक मंडळाच्या अध्यक्षांना. त्यात माझ्याबद्दल हवे ते बोलावे.

कलम ३. माझे गाजलेले प्रार्थनेचे गाणे. ते मला इस्पितळाच्या जिन्यात सुचले. आत आईवर शस्त्रक्रिया चालली होती. आई वाचली नाही. गाणे तरीही खोटे वाटले नाही, याचे मला आजही नवल वाटते. त्यात कोणाचे नाव नाही, कारण जिन्यात मला एकही नाव आठवले नव्हते. पुढे मुलाखतीत मी म्हणाले, "देवाशी माझं बरं आहे, त्याच्या दलालांशी नाही." मंडळाने माझे कार्यक्रम बंद पाडले. आता तेच लोक त्यांच्या सभागृहात हे गाणे म्हणतात, दुसऱ्या ओळीत आपल्या संस्थापकाचे नाव घुसवून.

कलम ४. शेवटच्या क्षणी मी मंडळाला शरण गेले असे कोणी म्हणाले, तर ते खोटे समजावे. गेल्या आठवड्यात अध्यक्ष फोनवर रेकॉर्डिंग सुरू करूनच माझ्या खाटेशी आले. "बाई, एकच वाक्य बोला." मी अजून मढे झाले नव्हते, आणि हे टाळूवरचे लोणी शोधत होते. मी तोंड उघडले नाही. दार बहिणीने उघडून दिले होते, म्हणून मी तिच्यावर डूख धरला.

जाताना अध्यक्ष कुरकुरले, "बहीणही तुमच्यासारखीच. सगळं गाणं म्हणते, आमच्या संस्थापकांचं नाव आलं की गप्प. किती समजावलं."

ते गेल्यावर मी तिला विचारले, "हे मला कधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर विश्वास बसला असता तुझा, ताई?"

"मग जातेस कशाला तिथे?"

"आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तू जिन्यात बसलीस, मी मंडळात जाऊन बसले. तेव्हापासून जाते."

कलम ५. गाण्याचे सर्व हक्क बहिणीला. दुसऱ्या ओळीबद्दल अट घालत नाही. तिला घालावी लागत नाही. कलम १ अध्यक्ष येण्याआधी लिहिले होते; त्यातली अटही रेघ मारून रद्द केली आहे. रेघेशेजारी माझी सही आहे.

साक्षीदार: डॉक्टर, आणि खालचा शिंपी. दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे मी वकिलाला दोनदा विचारून घेतले.

दिनांक: ९ नोव्हेंबर.

स्थळ: माझी खोली. लिहिताना आतून कडी लावली होती. सह्या झाल्यावर काढली. बहीण बाहेर जिन्यात बसली होती.