पाचव्याआधी सहावं

ती. मामांस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (दोन्हींना "ठीक" हे उत्तर चालणार नाही.) आईची तब्येत बरी आहे. माझीही, झोप सोडल्यास.

शनिवारी दुपारच्या खेळाला पाहुणे म्हणून यायचं म्हणून तुम्ही नवा कोट शिवायला टाकलात, हे वाचून आनंद झाला आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. निमंत्रणातला शब्द वाचून तुम्ही विचारता, "कल्ट म्हणजे पुरस्कारापेक्षा मोठं की लहान?" नेमकं उत्तर द्यायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

तुम्ही दिग्दर्शित केलेला, बावीस वर्षांपूर्वी चार दिवसांत पडद्यावरून उतरलेला चित्रपट इथल्या थिएटरात दोन वर्षं दर शनिवारी गर्दीत चालतो, तो लोक रडायला येतात म्हणून नाही. ते हसतात. (हे वाक्य चारदा खोडलं.) थिएटरकडच्या एकुलत्या प्रतीत सहावं रीळ पाचव्याच्या डब्यात आहे आणि पाचवं सहाव्याच्या. त्यामुळे नायिकेचे वडील आधी मरतात, सगळं घर रडून घेतं, आणि पुढच्या रिळात तेच वडील टेबलाशी बसून चष्मा पुसत रुसलेल्या मुलीला विचारतात, "जेवलीस का?" हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. कोणाला बदलावंसं वाटलं नव्हतं.

मला वाटलं. जुन्या फिती स्वच्छ करणं हे माझं कामच आहे, आणि हा चित्रपट माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो एकदाही लोकांत बसून पाहिलेला नव्हता. (बाबा गेल्यापासून मी चित्रपट कामापुरतेच पाहते.) मूळ निगेटिव्हवरून मी चौदा हजार ओरखडे काढले, आवाजातली खरखर काढली, आणि रिळं योग्य क्रमाने लावली. गेल्या शनिवारी ही नवी प्रत दाखवली. वडील वेळेवर मेले. सभागृहात चिडीचूप. मी ती दाद समजले.

दाराशी एका बाईंनी मला गाठलं. "बाबांचं काय केलंत तुम्ही?"

"नीट केलं," मी म्हणाले.

"नीटच होते की!"

मॅनेजर तर हात जोडूनच उभे राहिले. "ताई, आमचा मेलेला माणूस चांगला चालत होता. तुम्ही त्याला जगवून मारलंत."

मंगळवारी त्यांनी मला समजावं म्हणून जुनी प्रत लावली. जाहिरात नव्हती, तरी दीडशे लोक आले. तेव्हा मी तो उलटा क्रम लोकांत बसून पहिल्यांदा पाहिला. वडील "जेवलीस का?" विचारतात, मुलगी उत्तर देत नाही, आणि तुम्ही तिच्या चेहऱ्यावर अकरा सेकंद कॅमेरा ठेवला आहे. (मोजले.) योग्य क्रमात ते अकरा सेकंद लांबलेले वाटतात. चुकीच्या क्रमात गेलेला माणूस परत येऊन विचारतोय आणि मुलगी गप्प आहे, हे लोकांना सहन होत नाही. सगळं सभागृह तिच्या वतीने ओरडतं, "हो बाबा!" मग हसतं. हसताना बरेच जण नाक पुसतात.

तर मामा, माझं उत्तर असं. पुरस्कार मिळालेला चित्रपट लोक बघतात. कल्ट चित्रपटाला लोक सांभाळून घेतात, घरातल्या विसरभोळ्या माणसासारखं. मोठं की लहान, ते तुम्ही ठरवा. शनिवारी ते हसले तर तुम्ही कोट घालून उठून जाल, आणि गप्प बसले तर ते पुढच्या शनिवारी येणार नाहीत, या दोन काळज्यांमध्ये मी सध्या राहते आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. दिग्दर्शकाच्या लेखी परवानगीशिवाय नव्या प्रतीत क्रम बदलता येत नाही. सोबत कागद जोडला आहे. वडिलांना पाचव्या रिळात मारायला तुमची हरकत नसावी.

ता. क. २. क्रम मी बुधवारीच बदलला. सहीखाली तारीख मंगळवारची घाला.

ता. क. ३. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे. "हो बाबा" झालं की दचकू नका, आणि मागेही वळू नका. चौथ्या रांगेतून, डावीकडून जरा उशिरा येणारा आवाज माझा असेल.