उजेडात हलू नका

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण संशोधन केंद्र बघितलं आणि सगळा शीण पळाला. दोन खोल्या, लांबलचक व्हरांडा आणि दाराला येऊन टेकलेलं जंगल. काम माझ्या आवडीचं: सालपतंग शोधायचा आणि त्याचं आयुष्य टिपून ठेवायचं. हा पतंग रात्री उडतो आणि दिवसभर झाडाच्या सालीला चिकटून झोपा काढतो. धाकटी म्हणाली, ताई, तुला शोभणारीच नोकरी मिळाली. टवळी! आई गेल्यापासून तिची वेणी घालण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं मीच केलं, आणि आता मलाच चिडवते. महिनाअखेरीस राहायला येणार आहे. आत्तापासूनच वाट बघतेय मी.

केंद्र सांभाळणारे मामा आणि स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे मामी, दोघंही मोजकं बोलणारे. घराच्या भिंती मातकट राखाडी, दोघांचे कपडेही तसलेच. माझी पिवळी ओढणी बघून मामींच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हटलं, घ्या, इथेही सासू भेटली.

५ मार्च, बुधवार

आज पहिला सापडला! किती वेळ नाकासमोर होता, आणि मी आपली आंधळ्यासारखी शोधतेय. हा पठ्ठ्या झाडावर उतरला की लगेच झोपत नाही. अंगावरच्या काळ्या रेघा सालीच्या भेगांशी जुळेपर्यंत जागच्या जागी वळत राहतो. मग पंख असे दाबून बसतो की सावलीसुद्धा पडत नाही. म्हणून पतंग शोधायचाच नाही, न जुळणारी रेघ शोधायची. एकदा नजर बसली की भराभर दिसायला लागतात. मादी अंडी घालते ती सालीच्या फटीत, आणि अळी काडीसारखी ताठ उभी राहते. जन्मभर लपाछपीच म्हणायची.

बसथांब्याजवळची वस्ती मात्र आळशांची. दिवसभर दारं लावून घोरतात, दुकान उघडतं ते दिवेलागणीला. साबणासाठी मला अंधार पडायची वाट बघावी लागली.

८ मार्च, शनिवार

डोक्याला एक भुंगा लागलाय. पक्षी पतंगाचं अंग खातो आणि पंख टाकून देतो. झाडाखालचे पंख वेचले की किती खाल्ले गेले ते कळतं. आज सकाळभर वाकून कंबर मोडली, पण एक पंख मिळेल तर शपथ. मग लक्षात आलं, आल्यापासून एकही पक्षी ऐकलेला नाही. पक्षीच नाहीत, तर हा लपतो कुणापासून? मामांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरची कामं अंधारात करा, आणि बाहेर असाल तर उजेडात हलू नका. आणखी खोदून विचारलं, तर उठून गेले. असा राग आला! मी काय कुक्कुलं बाळ आहे?

११ मार्च, मंगळवार

ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली गेले होते. पंख नव्हते तिथे. कपडे होते. लाल सदरा, बटणं लावलेलीच. निळी छत्री. लहान मुलाचा एक नारिंगी बूट. रक्त नाही, हाडं नाहीत. आणि सगळे रंग भडक, राखाडी एकही नाही.

धावत घरी आले. मामींना बुटाचं सांगितलं. पीठ मळता मळता त्यांचे हात थांबले. त्यांच्या लेकीचा होता तो. मी त्यांना मिठी मारली, दुसरं काय करणार होते? पिवळी ओढणी मामांनी चुलीत टाकली.

१३ मार्च, गुरुवार

धाकटीचा फोन लागत नाही. येऊ नकोस, असा निरोप टाकलाय. पोचला की नाही, देव जाणे.

दुपारी खिडकीतून वर बघितलं. आभाळभर ढगांचे पट्टे. नजरेला आता सवयच लागलीय, न जुळणारी रेघ शोधायची. सापडली. एक पट्टा मध्येच तुटून जरा तिरका. केवढा मोठा — अख्ख्या रानावर पसरलेला. मी बघत होते आणि तो हळूच वळला. रेघा जुळेपर्यंत वळला.

१४ मार्च

खिडक्या बंद. मामा अखेर बोलले. ते हललेलं बघतं, भडक असेल तर लांबूनही. एकाला उचललं की पुढचे काही महिने फिरकत नाही. हे सांगताना त्यांची मान खाली होती.

१५ मार्च

दुकानातल्या फोनवर धाकटीचा निरोप आलेला, उलटा फोन लागेना — उद्याच येते, सकाळच्या बसने, रागावू नकोस. उद्या! उजेडात! मूर्ख पोर, माझी लाडाची मूर्ख पोर — पहाटे अंधारातच निघते. बसमधून उतरूच द्यायची नाही तिला.

१६ मार्च

ओढ्यात पाय मुरगळला. उजाडलं. थांबा समोर दिसतोय, मध्ये मोकळा माळ. झाडाला चिकटून बसलेय, मामींची घोंगडी डोक्यावरून. फक्त बोटं हलतात —

वरच्या रेघा सगळ्या जुळलेल्या. म्हणजे ते नाही? की आहे —

बस आली.

उतरली. लालभडक काहीतरी घातलंय, अगं काय हे बये — बस गेली. ताई, ताई करत माळावरून येतेय. हसतेय.

एक पट्टा सरकला. तिच्या डोक्यावर.

थांब म्हणून ओरडले तर उलट माझ्याकडेच धावत येईल. ओळखते मी तिला.

भीती वाटतेय. खूप. अशीच बसून राहिले तर मी वाचेन. आणि मग —

नाही. मला नाही जमणार.

घोंगडी टाकली. आतला सदरा पांढराशुभ्र आहे. माळावर, तिच्यापासून लांब, लंगडत का होईना — दोन्ही हात वर करून —

धाकटे, मामींकडे जा. रडत बसू नकोस.

उठले. अजून तिच्याकडेच सरकतंय. अरे तिकडे नको, इकडे बघ, इकडे, मी इथे —