शुक्रवारचा आवाज

आई, बाबा गेल्या वर्षी गेले. तुझ्यामागं फार वर्षं काढली त्यांनी, आणि शेवटपर्यंत चहात साखर जास्त पडली की आत बघून तुलाच रागे भरायचे. सुनेला वाटायचं आपल्यालाच बोलतायत. त्यांचं लोखंडी कपाट आवरताना स्वेटरांखाली एक पत्र्याचा गोल डबा निघाला. आत टेपचं रीळ होतं. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण झाकण उघडल्याबरोबर जुन्या रिळांचा तो आंबूस वास आला आणि मी सिंधी निर्वासितांच्या कॅम्प तीनमधल्या आपल्या गल्लीत जाऊन उभी राहिले.

आपण त्याला स्टुडिओ म्हणायचो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. जीन्स शिवणाऱ्या सिंधी काकांच्या कारखान्यामागची पत्र्याची शेड, एवढाच तो स्टुडिओ. बाबा अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीत लॅबमध्ये ऑफिसर. पहिली पाळी करून यायचे, हात धुवायचे आणि शेअर रिक्षानं शेडवर. सुरुवातीला क्षयरोगावर, कुटुंब नियोजनावर छोट्या फिल्मा केल्या, त्या गावोगाव दाखवायचे. मग धीर वाढला आणि दोन पूर्ण सिनेमे झाले. थिएटरवाल्यानं एकही लावला नाही. बदलापूरला गणपतीत, बांबूला बांधलेल्या पडद्यावर लागले तेवढेच. आम्ही पडद्यामागच्या बाजूनं बघायचो, त्यामुळे मला आजही त्या सिनेमातला नायक डावखुराच वाटतो.

कॅमेरा भाड्याचा आणि खडखडणारा, शेजारी दिवसभर शिलाई मशीनं. म्हणून सगळं शूटिंग मुकं व्हायचं आणि आवाज नंतर भरायचे, तेही शुक्रवारी. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, गल्ली गप्प. नट्या यायच्या, ओठ हलवून जायच्या, आणि त्या सगळ्यांचे आवाज तू द्यायचीस. नायिकेचा तूच, तिच्या सासूचा तूच, पाळण्यातल्या पोराचं रडणंही तुझंच. सासू सुनेला बोलते आणि सून उलट बोलत नाही, असा प्रसंग होता; तू दोन्हीकडून एकटी. बाबांना हौस, पण हौसेची मजुरी तू केलीस. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून तुला सांगते.

असा एक शुक्रवार मला अजून तसाच दिसतो. भिंतींना जीन्सच्या कातरणांच्या गोधड्या ठोकल्यात, आवाज घुमू नये म्हणून. प्रोजेक्टर बाहेर बोळात, त्याची खरखर टेपवर येऊ नये म्हणून. उजेड खिडकीच्या काचेतून आत येतो. फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं जोडून बाबांनी त्याचं कडं केलंय, म्हणजे तीच बाई तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहते, तुझा आवाज तिच्या ओठांवर नीट बसेपर्यंत. "ओठ बघ, ओठ," बाबा म्हणतात. तू पदर कमरेला खोचून उभी आहेस, आणि मधेच मान वळवून मला खुणेनं विचारतेस, कुकर बंद करून आलीस ना?

घरीही ते आवाज सुटले नाहीत. अभ्यास झाला नाही की सासूचा आवाज निघायचा, लाडात आलीस की नायिकेचा. आम्ही हसायचो. पण तुझं मूळ बोलणं मात्र आम्ही घरात कधी ऐकलं नाही. बदलापूरजवळच्या गावातली तू, आगरी घरातली लेक. लग्नानंतर बाबांनी तुझं बोलणं घासूनपुसून शुद्ध केलं, आणि माइकसमोर तर एक 'नाय' खपवून घेतला नाही. आजीकडे गेलो की पायरी चढतानाच तू "आये गो" म्हणायचीस, आणि ती हाक ऐकली की मला तू कुणी वेगळीच बाई वाटायचीस. परत येताना स्टेशनवर पुन्हा आमची आई व्हायचीस.

आजी गेली तेव्हा तिसऱ्या सिनेमाचं काम चालू होतं. दिवस उरकून तू परत आलीस तो गुरुवार, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच प्रसंग होता: नायिकेची आई गेली आहे आणि ती रडते. बाबा म्हणाले, "जमेल ना? पुढच्या शुक्रवारी ठेवू या हवं तर." तू म्हणालीस, "काम आहे ते. होऊन जाऊ दे." नेमकी त्या शुक्रवारी सिंधी काकांची मशीनं चालू होती, लग्नसराईचा माल द्यायचा होता. बाबा सांगायला गेले, तर काका स्वतः दारात आले आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, माँ गई न आपकी? आप आराम से बोलो. मशीन मैं बंद करवाता." सगळी मशीनं थांबली. कारागीर पायऱ्यांवर येऊन बसले, आणि मला बाबांनी त्यांच्यात नेऊन बसवलं. आतून काहीच ऐकू आलं नाही. गोधड्या चांगल्या जाड होत्या. तू बाहेर आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी विचारलं, "आई, खरं रडलीस?" तर फटकन म्हणालीस, "ते त्या बाईचं रडणं. कामातलं घरात काढायचं नाही."

तो सिनेमा पुरा झालाच नाही. गल्लोगल्ली व्हिडिओ आले, मग केबल. बाबांनी काही वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, आणि शेवटी शेडची किल्ली काकांना देऊन टाकली. फिल्मची सगळी रिळं भंगारात गेली. ती धुऊन, कापून कॅम्पातले कारखानेवाले शर्टांच्या कॉलरमध्ये घालत, कॉलर ताठ राहावी म्हणून. तू गेल्यावर एकदा बाबांचा शर्ट धुताना कॉलरमधली पट्टी माझ्या हातात आली. नीट धुतली गेली नव्हती. उजेडात धरली तर त्यात एक बाई, तोंड उघडलेलं. ती कुठल्या वाक्याला होती कोण जाणे. मी मोरीत बसून खूप रडले, आई. तुझ्या बाराव्यालाही तेवढी रडले नव्हते.

सापडलेलं रीळ मी ठाण्याच्या एका रेकॉर्डिंगवाल्या मुलाकडून मोबाइलवर उतरवून घेतलं. आधी बाबांचा आवाज आहे: "चालू." मग सिनेमातलं वाक्य तू नीट, शुद्ध सुरू करतेस, "आई, मला सोडून..." आणि तिथंच मोडतेस. "आये गो," म्हणतेस, "मना नाय नेलंस, आये." त्या बाईच्या ओठांवर हे कुठून बसणार? पण तू थांबत नाहीस. बराच वेळ नुसतं रडणं आहे. मग नाक ओढल्याचा आवाज, बांगड्या, आणि मग एकदम स्वच्छ, बाबांना आवडायची तसल्या मराठीत: "अहो, चुकलं माझं. पुन्हा घ्यायचं का?"

त्या मुलानं सांगितलं, "पुढे अजून बरंच आहे, मॅडम." असेल. बाबा "नको" म्हणाले असतील आणि टेप नुसतीच फिरत राहिली असेल. किंवा "हो" म्हणाले असतील, आणि तू आजीसाठी पुन्हा रडली असशील, या वेळी ओठ बघून. हे रीळ त्यांनी एवढी वर्षं का जपलं, ते पुढं ऐकलं तर कळेल. दर शुक्रवारी मी दार लावून ऐकायला बसते, आणि तू विचारतेस तिथंच बंद करते. बाबा काय म्हणाले, ते मी अजून ऐकलेलं नाही.