दोर घे वं, केसर

मिथुन,

वर आशीर्वाद लिहिला नाई. तो विसरून राह्यला नाई, मीच दिला नाई.

पूल झाल्यावर लोकं बाबाच्या नावेत बसेनासे झाले, त्याचा मले राग नाई. बैलबंडीसकट अख्खी वरात नेणारी आपली नाव काठावर वाळत पडली होती. तू म्हणाला, "बाई, वडशाले नेऊन डांबर मारून आणतो." धाकट्या भावावर मी भरवसा ठेवला. पावसाळा गेला तरी नाव आली नाई. तू नाटक कंपनीत लागला, एवढंच कानावर आलं.

काल तुह्या कंपनीचं नाटक आमच्या गावात होतं. मी समोरच बसली होती. स्टेजच्या फळीवर पत्र्याचं ठिगळ दिसलं. तेलाचा डबा कापून बाबानंच ते आपल्या नावेले ठोकलं होतं. नाव तोडून तुनं त्याचा स्टेज केला, अन् त्याच्यावर उभा राहून नावाड्याचं सोंग काढलं. बाबासारखा खोकलला, अन् बाबाचीच हाक मारली, "दोर घे वं, केसर."

लोकं पोट धरून हसले. बाजूची रोशनी म्हणे, "तुमचा भाऊ लय भारी काम करते."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाई. तू हेबी स्टेजवर वाचून हशा घेशील.

लहानपणापासून काठावर दोर मीच झेलत होती. काल त्या हाकेसरशी मी भर गर्दीत उठून उभी झाली, अन् माह्ये दोन्ही हात वर गेले.

तुही कोणी नाई,
बाबाची केसर