स्क्रूवरचा लाल ठिपका

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

दहिसरच्या गाळ्यातल्या तिन्ही मशीनला पायपिंगचे फोल्डर बसवले. तिन्ही पहिल्याच फटक्यात. टाका असा सरळ की बघत राहावं. मी बघत राहिलोच.

लोकांना वाटतं फोल्डर म्हणजे पत्र्याचा वाकडा तुकडा. अरे, एका तोंडाने सपाट पट्टी आत जाते, दुसऱ्या तोंडाने दुमडून बाहेर येते आणि कापडाची कड दोन्हीकडून पकडते. ती कड शिवली की झाली पायपिंग. सुई आणि फोल्डर यांच्यात केसभर जागा जास्त झाली की पट्टी सुटते, कमी झाली की सुई मोडते. हा केस ओळखणारा मेकॅनिक अख्ख्या अंधेरीत एकच होता. तो मी.

अंधेरीची कंपनी मी सोडली, कंपनीने मला नाही. मॅनेजर म्हणाला की नितेश, चालत्या मशीनला हात लावायचा नाही. मी म्हटलं मग देवाने हात कशाला दिले? त्याने ड्रॉवर उघडला. पत्र टाइप करून तयार होतं.

असो. आता वनमालाचा गाळा. बायकोने घरातलं साड्यांचं फॉल-बिडिंग बंद करून हिमतीने घेतलाय, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावलीय. बोरिवलीच्या शर्मिष्ठा मॅडमचे प्लेग्रुप आहेत, त्यातल्या पोरांचे एप्रन शिवायचे. मॅडम १४ तारखेला शनिवारी स्वतः येऊन पहिला लॉट बघणार. पास झाला तर वर्षभर काम. नाही झाला तर गाळा सोडायचा, पाटी काढायची आणि परत स्वयंपाकघरात ओट्याशेजारी फॉल लावत बसायचं. हे सांगताना वनमाला सारखी माझ्याकडे का बघत होती कळलं नाही.

संकल्प: सेटिंग झालेलं आहे. आता हात लावायचा नाही. फुलस्टॉप.

संध्याकाळी.

मधल्या मशीनचा स्क्रू जरा ढिला केला. फक्त बघायला.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी.

मधल्या मशीनचा टाका चांगला आहे. पण चांगला म्हणजे उत्तम नव्हे. फोल्डर केसभर उजवीकडे घेतला. सुई त्यावर आपटून मोडली. कारण: व्होल्टेज.

दुपारी. दुसरी सुई मोडली. कारण: हायवेवरचे डंपर. गाळा चेक नाक्याजवळ असल्यामुळे जमीन हलते. हा मुद्दा गाळा घेताना कोणी विचारातच घेतला नाही.

संध्याकाळी. फोल्डर सकाळी होता तिथेच आणून ठेवला. आता व्यवस्थित चालतोय. म्हणजे मूळ सेटिंग बरोबर होतं हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही. मालनकाकू मात्र तसंच म्हणाल्या. त्या आमच्या चाळीतल्या, मालवणच्या, शिवणात हात झरझर चालतो आणि तोंडही. मला म्हणाल्या की मेल्या, कित्याक हात लावतंस? मोठ्या आहेत. मी सोडून दिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४.

काल पूर्ण दिवस हात लावला नाही. पूर्ण दिवस. रात्री झोप नीट नाही, बोटं आपोआप स्क्रू पिळत होती. वनमालाचा कान पिळला गेला म्हणे. झोपेत माणूस जबाबदार नसतो.

आज त्या संयमाचं बक्षीस म्हणून, रश्मी जेवायला गेली तेव्हा तिच्या मशीनचा फोल्डर किंचित, अगदी किंचित सरकवला. रश्मी म्हणजे बाजूच्या बिल्डिंगमधली पोरगी, शिवताना कानात इअरफोन, खाली बघायचं नाही. तिने परत येऊन तसंच भराभर शिवणं सुरू केलं. पट्टी वरून धरत होती, खालून सुटत होती. एप्रनचा ढीग झाल्यावर रश्मीबाईसाहेबांना दिसलं. आता ह्यात चूक कोणाची? मशीन चालवताना खालची बाजू बघायला नको?

रश्मी म्हणाली की दादा, प्लीज यार, डोक्याची वाट लावली तुम्ही. मी म्हटलं चुकांतून शिकायचं असतं.

वनमाला डबा न उघडता ढीग पुढ्यात घेऊन टाके उसवत बसली. एकेक एप्रन. बोलली असती तर बरं झालं असतं, मला मुद्देसूद उत्तर देता आलं असतं. नुसती उसवत होती. मला कसंतरीच झालं. गॅस असेल.

संध्याकाळी.

वनमालाने उसवणं संपवून उठून एवढंच सांगितलं की अहो, तिन्ही मशीन पहिल्या दिवशी होती तशी करून द्या. एकदाच. करून दिली. डोळे मिटून करतो मी हे. लगेच म्हणाली आता चहा घेऊन या. आणि येताना घाई करू नका.

चहा घेऊन आलो तर तिघी मशीनवर वाकून काहीतरी करत होत्या. मला बघून सरळ झाल्या. गाळ्यात विचित्र उग्र वास. वायरिंग जळतंय बहुतेक. उद्या तपासतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

प्रमोशन!

वनमालाने कोपऱ्यातलं चौथं मशीन, जे जुनं म्हणून कापडाच्या गठ्ठ्यांमागे पडून होतं, ते माझ्या ताब्यात दिलं. म्हणाली की हे भारी हट्टी आहे, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. तुम्ही ह्याच्यावर पाहिजे तेवढे प्रयोग करा, आम्ही आपलं साधं काम करतो. मालनकाकूंनी खुर्ची आणून दिली. रश्मीने पंखा माझ्याकडे वळवला. थोडक्यात, आर अँड डी डिपार्टमेंट. अंधेरीच्या कंपनीला इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते माझ्या बायकोला सुचलं.

वायरिंग तपासलं. ठीक आहे. मात्र तिन्ही मशीनच्या फोल्डरच्या स्क्रूवर लाल ठिपके दिसले. स्क्रूच्या डोक्यावरून खाली पत्र्यावर उतरलेले. गंज? गंज एवढा चकचकीत नसतो. नजर लागू नये म्हणून असेल. बायका ह्या बाबतीत मागासलेल्याच.

९ फेब्रुवारी, सोमवार.

आर अँड डी जोरात. चौथं मशीन खरोखर हट्टी. सकाळपासून पट्टी डावीकडे पळते. फोल्डर बदलला, कापड दाबणारा पाय बदलला, दाबाचा स्क्रू पिळला, सोडला, पिळला. दुपारी एक नमुना असा आला की कोणीही पास केला असता. मी नाही केला. पुन्हा खोललं.

नमुने संध्याकाळी वनमाला उचलून नेते. विचारलं तर म्हणाली की जपून ठेवते, कामाला येतात. बरोबर आहे. रेकॉर्ड असावं.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.

अस्वस्थ. कोपऱ्यातून तिन्ही मशीनचा आवाज येतो. रश्मीच्या मशीनचा सूर किंचित वर आहे, मला ऐकू येतो, बाकी कोणाला नाही. उठलो. मालनकाकूंनी कात्री हातात घेतली. पाणी पिऊन परत बसलो. परत उठलो. म्हटलं फक्त बघतो. मालनकाकू म्हणाल्या की डोळ्यांनी बघ, बोटांनी बघू नको. बसलो.

दुपारी.

जवळून पाहिलं. लाल ठिपके नेलपॉलिशचे आहेत! म्हणजे रश्मी शिवताना नखं रंगवते आणि ओलं बोट मशीनला पुसते. शिस्त म्हणून काही आहे की नाही? सगळ्यांसमोर सांगितलं की उद्यापासून गाळ्यात नेलपॉलिश बंद, कापडाला डाग पडला तर शर्मिष्ठा मॅडम लॉट तोंडावर फेकतील. रश्मीने दोन्ही हात पुढे केले. नखं कोरी. मालनकाकूंची तर कोरीच. वनमाला एवढी हसली की तिला मशीनला धरून उभं राहावं लागलं. गेल्या कित्येक दिवसांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझा मुद्दा पटला असावा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्या मॅडम येणार. वनमालाने सकाळपासून पाटी दोनदा पुसली. जेवली नाही. मी तिला धीर दिला. म्हटलं उद्या मॅडमसमोर तिन्ही मशीनचं लाईव्ह सेटिंग करून दाखवतो, बाई खूश होतील. वनमालाचा चेहरा पांढरा पडला. टेन्शन घेते फार.

लगेच तिला आठवण झाली की गोराईला तिच्या मावशीचं मशीन अडकलंय. उद्याच जायला हवं. मावशी फार अडचणीत आहे म्हणे. मी म्हटलं परवा जातो. तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली की अहो, माझ्यासाठी जा. असं ती कधी बोलत नाही. उद्या चौदा फेब्रुवारी, व्हॅलेंटाइन डे आहे हे तिच्या लक्षात असावं. होकार दिला.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.

बोटीने गोराई. मावशीचं मशीन बघितलं. चालत होतं. मावशी म्हणाली की ह्याला काय झालंय, छान चालतंय, तू बस, बोंबील तळते, वनमालाचा फोन आला होता की तुला संध्याकाळपर्यंत सोडायचं नाही. जुनी माणसं तक्रार सांगायला लाजतात. मी पूर्ण मशीन खोललं. जेवणानंतर जोडलं. एक स्प्रिंग उरली. बनवणाऱ्याने जास्तीची टाकली असणार. मावशी आता म्हणते मशीन चालत नाही. म्हणजे बिघाड आत दबून होता, मी वेळेवर बाहेर काढला.

परत आलो तर गाळ्यात पेढे. लॉट पास! मॅडमनी एप्रन उलटेसुलटे करून बघितले, पायपिंग ताणून बघितली, म्हणाल्या इतकी एकसारखी फिनिश मी पाहिली नाही. वर्षाचं काम पक्कं, शिवाय आधी बोलल्या त्याच्यापेक्षा मोठी ऑर्डर. वनमाला रडत होती, हसत होती, रश्मीला मिठी मारत होती.

साहजिक आहे. आर अँड डी.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

मॅडमना पाठवायला माझे नमुने शोधत होतो. सापडले. तेलाच्या डब्याशेजारी, पुसायच्या चिंध्यांत. सगळे. काळे झालेले. त्यांतल्या एकाने मी स्वतः मघाशी हात पुसले होते.

खाली ड्रॉवरमध्ये नेलपॉलिशची बाटली. लाल.

वनमालाला विचारलं. ती मशीन बंद करून माझ्यासमोर स्टुलावर बसली. म्हणाली की त्या गुरुवारी तुम्हाला चहाला पाठवलं आणि तिन्ही स्क्रूवर मी ठिपके दिले. स्क्रू हलला तर ठिपका तडकतो, लगेच कळतं. एकही तडकला नाही. शनिवारी जे पास झालं ते तुमचंच सेटिंग आहे, पहिल्या दिवसाचं. मॅडमना मी सांगितलंही, की हे माझ्या मिस्टरांनी बसवलंय. तुमच्यासारखं कोणी बसवत नाही, अहो. पण तुम्ही बसवून सोडत नाही. आणि माझी पाटी होती दारावर.

मग कोपऱ्यातलं मशीन? ती स्टुलावरून उठून धागे कापायला लागली. मालनकाकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. रश्मीने इअरफोन घातले.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. गॅस नव्हता.

संध्याकाळी.

जे पास झालं ते माझं होतं. आणि पास झालं ते मी गोराईत असल्यामुळे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी.

वनमालाने विचारलं की मोठी ऑर्डर आहे, चौथं मशीनही लागणार, बसवून द्याल का? म्हटलं देतो. गठ्ठे हलवून मशीन उजेडात आणलं. मी म्हटलं ह्या वेळी एकदाच. बसवीन आणि हात मागे घेईन. ती बाटली घेऊन शेजारी उभी राहिली.

फोल्डर लावला. पट्टी सारली. पहिली फेरी. सरळ. दोन्हीकडून धरलेली. हट्टी मशीन माझ्या बापजन्मात इतकं शहाण्यासारखं वागलं नव्हतं.

वनमालाने ब्रश बाहेर काढला.

मी म्हटलं एक मिनिट.

दुपारी.

एक मिनिट झालं नाही अजून. केसभर डावीकडे हवा आहे, बाकी काही नाही. वनमाला तशीच उभी. ब्रश वाळला, तिने परत बुडवला. मालनकाकू जेवून आल्या.

संध्याकाळी.

फोल्डर सकाळी होता तिथे परत आणला. शपथेवर सांगतो, हात मागे घेणारच होतो. वनमालाने स्क्रूवर ठिपका दिला. मग माझा उजवा हात ओढून घेतला, मालनकाकूंनी मनगट धरलं, आणि माझ्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला. शेजारच्या बोटावरही. म्हणाली की आता हे पण हलवायचं नाही.

हात हवेत धरून बसलो. रश्मीने चौथं मशीन चालू केलं. एप्रनमागून एप्रन, सगळे एकसारखे.

अजून ओलं आहे. हे डाव्या हाताने लिहितोय. डावा हात मोकळा आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

रात्री जेवताना.

आलं लक्षात.